बाटल्यांवरची नावं

व्हर्ना स्टिडम बाईंच्या गाडीची डिकी
कधीच नीट बंद व्हायची नाही.
आत बाटल्यांचे दोन क्रेट, चिकटपट्टीचं रीळ, फाटका रेनकोट,
आणि मी नापास झालो त्या वर्षीच्या उत्तरपत्रिका,
त्या कशासाठी जपल्या होत्या, देव जाणे.

पूर्व केंटकीत, आमच्या खोऱ्यात
ओढा नारिंगी वाहतो.
लहानपणी मी चित्रातही तो नारिंगीच रंगवायचो
आणि शाळेत कुणी चूक म्हटलं नाही.

खाण बंद पडली तेव्हा मी एकोणचाळीसचा.
मंगळवारी रात्री, कम्युनिटी कॉलेजच्या तळघरात,
रसायनशास्त्र, पायरी पहिली.
आम्ही अकरा जण, नखांत अजून कोळसा,
ब्युरेटची चावी आमच्या बोटांत टाचणीएवढी.
बाई म्हणायच्या, घाई नको.
एक थेंब आधी काहीच नसतं, एक थेंब नंतर फार होतं.
माझं फारच व्हायचं,
लेकीच्या नेलपॉलिशसारखं गडद.

शनिवारी त्या दारोदार.
पाणी मागायच्या, पिण्यासाठी नव्हे.
कुणाला वाटे कंपनीची माणसं, कुणाला सरकारची,
दोन्हींवर कुत्री सोडायची रीत आहे आमच्यात.
कुठंतरी पाणी मुरतंय, लोक म्हणत,
फुकट कोण कुणासाठी डोंगर चढतं?
मी क्रेट उचलायचो. बाई चिठ्ठी लिहायच्या:
पुढे नाव, तारीख, विहिरीची खोली.
मागे पेन्सिलीनं, बारीक:
"नात सात महिन्यांची."
"चादरी पिवळ्या पडतात."
"नवरा बोलू देत नाही."

ऑर्विल डीटननं नऊ वर्षं बाटली भरू दिली नाही.
"वाईट निघालं तर हे घर कोण घेईल?
आणि चांगलं निघालं, तर तुमच्यावर विश्वास कोण ठेवील?"
पण दर ऑक्टोबरात कॉफी पाजायचा, त्याच विहिरीची.
बाई पेला पूर्ण संपवायच्या.
उतारावर मी एकदा विचारलं, चवीवरून काही कळलं का?
म्हणाल्या, "जिभेला लोखंड कळतं.
आर्सेनिक नाही कळत."
आणि गिअर बदलला.

त्या निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी
प्राचार्यांनी भाषणात "सेवा" हा शब्द सात वेळा उच्चारला.
मी मोजत होतो, दुसरं काय करणार.
रात्रीचा वर्ग बंद होतोय, हे एकदाच सांगितलं,
तेही माईकपासून जरा बाजूला होऊन.
केकवर बाईंच्या आडनावातलं एक अक्षर गळालं होतं.
तेवढ्यात त्यांच्या पर्समध्ये फोन वाजला.
ऐकून त्यांनी पितळी पाटी माझ्या हातात दिली,
"धर. डीटन बोलावतोय."

विजेरी मी धरली. पंप त्यानं स्वतः सुरू केला.
नळ तीन मिनिटं वाहू द्यायचा असतो;
ती तीन मिनिटं तिघंही गप्प.
मग तो म्हणाला, मेव्हिसच्या तब्येतीचं डॉक्टरांना नाव सापडेना.
बाईंनी पेन्सिल काढली. मागच्या बाजूला काय लिहिलं
ते मी वाचलं नाही.

निकाल त्यांनी टपालानं पाठवला नाही.
त्याच्या स्वयंपाकघरात बसून एकेक आकडा वाचला,
मग तोच पुन्हा, हळू.
डीटन बराच वेळ मिठाची बरणी फिरवत राहिला.
"तुम्हाला नऊ वर्षं पाजलं मी हे," म्हणाला.
बाई म्हणाल्या, "वर्षाला एक पेला.
तुम्ही रोजचे किती?"

पुढच्या शनिवारी
पुढच्या सीटवर डीटन, टोपी गुडघ्यावर.
मी मागे, बाटल्या मांडीत, पितळी पाटी पायाखाली,
क्रेट घसरू नये म्हणून तिरकी लावलेली.
पहिल्या फाटकाशी दोन काळी कुत्री अंगावर आली.
त्यानं काच खाली केली
आणि दोघांनाही नावानं हाक मारली.